मागच्या खोलीतला हिवाळा

वाने, २० मे

प्रिय हाइके,

पत्राला फार उशीर झाला. नाताळात तू पाठवलेलं कार्ड अजून स्वयंपाकघरात रेडिओवर उभं आहे आणि त्याचं उत्तर मे महिन्यात निघतंय. माफ कर, याहून दुसरं काय म्हणणार. पण तूच जाताना सांगून गेलीस की बाबा, फोन नको, पत्र लिहा, आणि तेही लिहिण्यासारखं काही असेल तेव्हाच. तेव्हापासून कागद पुढे घेतला की माझा हात थांबतो. हवापाण्याचं लिहावं तर त्यात लिहिण्यासारखं काय. गुडघ्यांचं लिहावं तर तू म्हणशील, झालं सुरू. कितीतरी पत्रं सुरू केली आणि फाडली. आज मात्र लिहिण्यासारखं आहे. नसतं तर बरं झालं असतं.

पाप्रिका जेवत नाही.

घाबरू नकोस. तुझा दुसरा साप, क्लारा, ठीक आहे, तिचं खाणंपिणं व्यवस्थित आहे. पाप्रिकाचंच काहीतरी बिनसलंय. तू दाखवलंस तसाच उंदीर मी फ्रीजरमधून काढतो, कोमट पाण्यात सोडतो, चिमट्याने धरून तिच्यापुढे हलवतो. पूर्वी झडप घालायची. आता जीभ बाहेर काढून वास घेते आणि तोंड फिरवते, एखाद्या पाहुणीला शिळं वाढल्यासारखी. आणि तिचं मागचं अर्धं अंग जाड झालंय. मोज्यात बटाटे भरले की दिसतं तसं. पुढून मात्र ती पूर्वीसारखीच बारीक. मला गाठीची शंका येते. एर्विन म्हणतो, म्हातारपणी सगळ्यांचंच अंग असं सुटतं. चार वर्षांच्या जनावराला कसलं आलंय म्हातारपण. पण तुला एर्विन माहीत आहे. इतकी वर्षं त्याच्याबरोबर एका कबुतरखान्यात काढली, मला त्याच्याकडून सरळ उत्तर मिळालेलं आठवत नाही.

आता एक सांगायलाच हवं, कारण त्याचा याच्याशी संबंध असेल. एप्रिलमध्ये क्लाराच्या पेटीखालची गरम चटई बंद पडली. बाहेर तर पुन्हा बर्फ पडायच्या बेतात होतं. नवी चटई यायला वेळ लागणार होता. पेटीच्या झाकणावर तू लाल पेनाने लिहून ठेवलंयस की दोघींना कधीही एकत्र ठेवू नये. मी ते वाचलं होतं. पण क्लाराला हात लावला तर ती दगडासारखी गार. एर्विन म्हणाला, "अरे, बहिणी-बहिणी आहेत. आपण कबुतरांच्या सगळ्या माद्या हिवाळाभर एकाच कप्प्यात ठेवतो. कधी एकीने दुसरीचा डोळा फोडला का?" हे खरं आहे. नर एकीकडे, माद्या एकीकडे, वसंतापर्यंत. माझ्या बापानेही तेच केलं होतं. म्हणून मी क्लाराला उचलून पाप्रिकाच्या पेटीत ठेवलं.

भांडल्या नाहीत. पहिल्याच दिवशी क्लारा पाप्रिकाच्या पाठीवर हनुवटी घासत तिच्या अंगावरून पुढे सरकत होती आणि मध्येच सगळ्या अंगाला झटके देत होती. मला वाटलं, बिचारी थंडीने कुडकुडतेय. मग दोघी दोरीच्या पिळासारख्या पडून राहिल्या. मी एर्विनला बोलावून दाखवलंसुद्धा, की बघ, कशा ऊब देतायत एकमेकींना. तोही म्हणाला, माणसांनी शिकण्यासारखं आहे.

नवी चटई आली तशी मी त्यांना पुन्हा वेगळं केलं. बाकी काही नाही. पण आता माझ्या डोक्यात भलतंच येतंय. हाइके, त्या दोघी माद्याच आहेत ना? तू नक्की बघून घेतल्या होत्यास ना? एर्विनने काल आपली लग्नाची अंगठी दोऱ्याला बांधून दोघींवर धरली, आम्ही कबुतरांवर धरतो तशी. क्लारावर ती गोल फिरली आणि पाप्रिकावर सरळ हलली. पुन्हा धरली तर नेमकं उलट. एर्विनने अंगठी बोटात घातली आणि म्हणाला, "यांचं अजून ठरलेलं दिसत नाही."

पाउलच्या गुत्त्यात, मागे आमच्या कबुतरवाल्यांची जी खोली होती, तिथे आता गुरुवारी साप-सरडे पाळणारे जमतात. तिथे जाऊन येतो. तू हे पत्र मिळताच कळव. तिकडे नॉर्वेत, ट्रोम्सोला, पत्र किती दिवसांनी पोचतं कोण जाणे.

आणि हो, मी सारखं झाकण उघडून बघतो. तू न विचारताच सांगतो.

तुझा,
बाबा


वाने, २९ मे

प्रिय हाइके,

आधीच्या पत्राला तुझं उत्तर अजून नाही, पण थांबण्यात अर्थ नाही म्हणून दुसरं लिहितो. तिथल्या म्हाताऱ्यांना उठवता-बसवता तुझाही दिवस संपत असेल.

क्लारा मादी नाही.

खाली बस आणि मग पुढचं वाच. गुरुवारी मी आणि एर्विन दोघींना, म्हणजे आता त्यांना काय म्हणायचं ते तूच ठरव, दोन उशांच्या अभ्र्यांत घालून ट्रामने घेऊन गेलो. तुझ्या आईचे नक्षीचे अभ्रे. साधे सगळे धुवायला टाकले होते. कोटाच्या आत गरम पाण्याची पिशवी धरली होती. समोरची बाई विचारत होती, मांजर का? एर्विन म्हणाला, "नाही, याची बायको विणायची त्यातला गळपट्टा आहे, जरा वळवळतो." ती पुढच्या स्टॉपला उतरली.

पाउलच्या त्या खोलीत भिंतीवर अजून आमची बक्षिसं आहेत. खाली टेबलांवर प्लास्टिकचे डबे आणि डब्यांत काय काय. पुढच्या खोलीतून पत्ते खेळणाऱ्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "पोलमान, कबुतरं उडून गेली म्हणून आता न उडणारी घेतलीस काय?" मी अभ्रे टेबलावर ठेवले.

त्यांची मुख्य आहे रेनाटे नावाची बाई. पूर्वी ट्राम चालवायची, आवाज अजून तसाच आहे, दार लागेल इतका. तिने क्लाराला अभ्र्यातून काढलं, उलटं करून शेपटी बघितली.

"मादीच दिसते," म्हणाली. "आखूड शेपटी आहे." मग अंगठा फिरवून थांबली. "पण हे टोक तुटलंय. जुनं आहे. कशाने?"

मी सांगितलं की पिल्लू असल्यापासून तसंच आहे, विकणारा म्हणाला होता उंदराने चावलं.

"आणि या दोघी माद्या आहेत असं कोण म्हणालं?"

"माझी मुलगी."

"तिला कोण म्हणालं?"

"विकणाऱ्यानेच. त्या मोठ्या प्राण्यांच्या बाजारात, एक टोपीवाला होता."

"बरं झालं त्याच्याकडून गाय नाही घेतली," रेनाटे म्हणाली, "दूध काढताना लाथ खाल्ली असती."

मग तिने मला समजावलं, ते मी तुला समजावणं म्हणजे विहिरीला पाणी पाजणं आहे, पण मला नीट कळलं की नाही ते तू बघ. नराची शेपटी शी करण्याच्या जागेपासून पुढेही बराच वेळ जाड राहते आणि हळूहळू निमुळती होते, कारण आत त्याचं सगळं सामान उलटं करून ठेवलेलं असतं. मादीची तिथूनच एकदम बारीक होते. क्लाराचं टोकच नसल्याने ती आखूड दिसायची आणि तूही फसलीस, रेनाटेही क्षणभर फसली. तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस.

तिने एक गुळगुळीत बोथट सळी काढली, विणायच्या सुईसारखी पण टोक गोल, ती ओली केली आणि म्हणाली, धरा याला, हलू देऊ नका. मी डोळे मिटणार होतो. पण मिटले नाहीत. मादीत ती सळी दोन-चार खवल्यांइतकीच जाते, मग अडते. ही गेली ती जातच राहिली. रेनाटेने जिथपर्यंत आत गेली तिथे अंगठा धरला, बाहेर काढून शेपटीवर लावली आणि सगळी खोली मोठ्याने खवले मोजायला लागली, जशी आम्ही पूर्वी आकाशात परतणारी कबुतरं मोजायचो. दहावर गेले तेव्हा एर्विनने टोपी काढली. "क्लारा, बाई," तो म्हणाला, "तुझ्याकडे बघून कधी वाटलं नव्हतं."

पाप्रिकाला तिने सळी लावली नाही. तशा अवस्थेत लावायचीच नसते, म्हणाली. तिला फक्त बोटांवरून पुढे सरकू दिलं. मग माझा हात धरला आणि म्हणाली, तुम्ही बघा. मी बोटं खाली धरली आणि पाप्रिका त्यांवरून गेली. आत मण्यांची माळ असावी तसं एकामागून एक लागत गेलं. हाइके, असा हात मी आयुष्यात एकदाच कुणाच्या पोटाला लावला होता आणि तेव्हा आत तू होतीस. मग कुणीतरी माझ्यापुढे बिअर ठेवली आणि मी ती सांडली.

म्हणजे गाठ नाही, अंडी आहेत. पण आनंद करण्यासारखं नाही. पाउलच्या बायकोने स्वयंपाकघरातला काटा आणला. अंडी धरूनसुद्धा पाप्रिका तीनशे ग्रॅम भरत नाही. रेनाटे म्हणते, मादीला नराजवळ न्यायच्या आधी तिची तीन वर्षं, तीनशे ग्रॅम आणि जवळपास मीटरभर लांबी हवी, यातलं एकही कमी असेल तर थांबायचं. पाप्रिकाची फक्त वर्षं भरलीयत. लहान मादीत अंडं अडकतं. अडकलं आणि सुटलं नाही तर ती जाते. हे तिने माझ्या तोंडावर सांगितलं आणि त्याबद्दल मी तिचा आभारी आहे, सगळे डॉक्टर असं सांगत नाहीत.

मग तिने विचारलं, "पण हे एवढं पटकन जमलं कसं? काहींना तसंही जमतं म्हणा. बहुतेकांना हिवाळा द्यावा लागतो. अंधार, गारवा, उपास. मग उन्हं आली की नराला सुचतं आणि मादी अंडी धरते. तुम्ही यांना हिवाळा दिलात?"

मी म्हणालो, मागची खोली जरा गार होती.

"जरा म्हणजे किती?"

एर्विनने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

ते जाऊ दे. आता महत्त्वाचं काय ते सांगतो. रेनाटेने एक झाकणाचा डबा दिलाय, एका बाजूला भोक पाडलेला, आत ओलं शेवाळ. तो पाप्रिकाच्या पेटीत ठेवलाय. ती एकदा कात टाकेल आणि मग काही दिवसांनी त्यात शिरून अंडी देईल, असं व्हायला हवं. तोवर तिला त्रास द्यायचा नाही. "तुम्ही दर वेळी झाकण उचललंत," रेनाटे म्हणाली, "की ती आवरून धरणार. आणि आवरून धरलेलं अंडं हेच अडकलेलं अंडं. तेव्हा पोलमान, हात खिशात."

हे मला जमेल का ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे. तू जाताना म्हणालीस, "बाबा, तुमच्या काळजीखाली मला श्वास घेता येत नाही," आणि साप माझ्याकडे ठेवून गेलीस, म्हणालीस यांना खाऊ घाला, पाणी द्या आणि सोडून द्या, यांच्याकडून शिका. मी शिकत होतो. खरंच शिकत होतो.

लवकर कळव, तू असतीस तर काय केलं असतंस.

बाबा


वाने, ९ जून

प्रिय हाइके,

तुझं कार्ड आलं. चित्रात तो डोंगर आणि बर्फ, जूनमध्ये. अंगात पुरेसं घालतेस ना. हे खोडणार होतो, पण पेनाने लिहिलंय, राहू दे.

तू सांगितलंस ते सगळं केलं. पाण्याचं भांडं मोठं ठेवलं. पेटीवर टॉवेल टाकला. जनावरांच्या डॉक्टरचा पत्ता दिलास तो सापडला, बोखुमला आहे, ती बाई साप बघते, तिला फोन करून ठेवलाय. ती म्हणाली अंडी सुरू होऊन दोन दिवस मध्येच थांबली तर घेऊन या, त्याआधी नको. तू लिहिलंस की चूक माझी नाही, तुझी, तूच नीट तपासायला हवं होतं. मी हे वाक्य एर्विनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, कापून चौकटीत लाव.

पाप्रिकाने परवा कात टाकली. अखंड निघाली, डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट. मी ती बाहेर काढली नाही, कारण झाकण उघडावं लागलं असतं. झाकण मी उघडू शकत नाही. का ते सांगतो.

तिने कात टाकल्यावर मी स्वतःला ओळखून चुकलो. दिवसभरात कितीदा मागच्या खोलीत गेलो त्याला हिशोब नाही. कधी फुलदाणी आणायला, घरात फूल नसताना. शेवटी पेटीचं ते छोटं कुलूप तू ठेवून गेली होतीस ना, शेजारच्या पोरांसाठी, ते लावलं आणि किल्ली अंगण ओलांडून एर्विनला नेऊन दिली. तो कबुतरांना दाणे टाकत होता. आता त्याच्याकडे चारच राहिलीत, तीही म्हातारी.

"मी कितीही मागितली तरी देऊ नकोस," मी म्हणालो.

"कितीही?"

"कितीही."

"रडलास तरी?"

"एर्विन."

"बरं, बरं. चाळीस वर्षं तुला दारू देऊ नको म्हणून तुझी ट्राउडेल मला सांगायची, तेही मी पाळलं नाही. पण हे पाळतो, साप माझ्या ओळखीचा आहे."

त्याच दिवशी दुपारी मी किल्ली मागायला गेलो. म्हणालो, पाणी बदलायचंय. तो म्हणाला, पाणी सकाळी मी बदललं, तू मागे उभा होतास. संध्याकाळी पुन्हा गेलो. या वेळी म्हणालो, मला फक्त तिचा आवाज ऐकायचाय. एर्विन माझ्याकडे बघतच राहिला. "अल्फोन्स," तो म्हणाला, "साप आवाज करत नाही." हे मलाही माहीत होतं. मग त्याने खुर्ची बाहेर काढून दिली आणि आम्ही कबुतरांच्या खाली बसून राहिलो. तो म्हणाला, "अंडी ती देतेय. तू नाही."

आता तुझ्या कार्डाच्या शेवटी, तिकिटाच्या बाजूला, बारीक अक्षरात जे आहे ते. मी भिंग लावून वाचलं. तू लिहितेस, "मागची खोली गार होती म्हणजे काय? तुमच्या घरात जानेवारीत खिडक्यांना घाम सुटतो. पाप्रिकाने अंडी धरली म्हणजे तिला चांगला दोन महिन्यांचा हिवाळा मिळालाय. तुमच्या घरात कसा मिळाला? बाबा, तुम्ही कुठे होता?"

मी जरा बाहेर होतो. एर्विन सापांकडे बघत होता. तो कबुतरांचा माणूस, त्याच्या मते हिवाळ्यात जनावराला गारवाच हवा, त्याने शेगडी आणि पेट्यांखालच्या चटया बंद केल्या आणि खिडक्यांच्या झडपा ओढून घेतल्या. आठवड्यातून एकदा पाणी ठेवायचा. उंदीर द्यायला त्याला किळस यायची म्हणून दिलेच नाहीत. रेनाटे म्हणते, मुद्दाम कुणी केलं असतं तर इतकं बरोबर जमलं नसतं. एवढंच. पाप्रिकाचं झालं की बाकीचं लिहितो. एका वेळी एकच काळजी, असं तूच म्हणायचीस.

बाबा


वाने, १८ जून

प्रिय हाइके,

पाप्रिका आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

रविवारी सकाळी एर्विन पाणी बदलायला आला. मी स्वयंपाकघरात थांबलो, दार लावून घेतलं. त्याला परत यायला वेळ लागला. आला तेव्हा त्याने आधी हात धुतले, मग टॉवेल शोधला, मग म्हणाला, "शेवाळात पांढरं काहीतरी आहे." मी उठलो तर त्याने मला खांद्याला धरून खाली बसवलं. "संपलेलं नाही. अजून चाललंय. बस."

बसलो. रेनाटेला फोन केला, ती म्हणाली बसा. बोखुमच्या डॉक्टरबाईला फोन केला, तीही म्हणाली बसा. सगळे मला बसायलाच सांगत होते. संध्याकाळपर्यंत नऊ अंडी झाली होती आणि एक तिच्या मागच्या अंगात दिसत होतं, बाहेरून, गोटीसारखं, पण पुढे सरकत नव्हतं. हे मला एर्विनने सांगितलं, मी बघितलं नाही. सोमवारही तसाच गेला. मंगळवारी सकाळी निघायचं ठरवलं, पाउलचा भाऊ गाडी घेऊन येणार होता. मी अभ्रा इस्त्री करून ठेवला. का केली माहीत नाही, सापाला इस्त्रीचं काय.

मंगळवारी एर्विनने कुलूप काढलं आणि म्हणाला, "अल्फोन्स, ये आता." पाप्रिका पाण्याच्या भांड्यात पडली होती. आधी मला वाटलं संपली. मग तिने जीभ बाहेर काढली. दहावं अंडं शेवाळाच्या बाहेर पडलं होतं, पिवळं आणि सुकलेलं, बाकीची एकमेकांना चिकटून आत होती, पांढरीशुभ्र. तिची कातडी अंगावर लोंबत होती, बुटाच्या नाडीसारखी झाली होती ती. पाणी प्यायली. खूप वेळ प्यायली. काल एक अगदी छोटा उंदीर खाल्ला, दुसरा दिला नाही, रेनाटेने सांगितलंय हळूहळू. मी झाकण लावलं, कुलूप लावलं आणि किल्ली आपणहून एर्विनला दिली. तो म्हणाला, आता कशाला? मी म्हणालो, असू दे.

क्लाराला काही कळलेलं नाही. तिला, म्हणजे त्याला, दोन उंदीर लागतात. एर्विन त्याला अजून क्लाराच म्हणतो. म्हणतो, इतक्या वयात नाव बदललं की माणूस हरवतो.

आता बाकीचं. लिहितो म्हणालो होतो.

नाताळच्या आधी कोळसा आणायला, म्हणजे कोळसा आता नसतो, तळघरात बटाटे आणायला गेलो होतो. जिना चढताना छातीवर कुणीतरी गुडघा टेकला. तिथेच बसलो. एर्विनला कबुतरखान्यातून तळघराचं दार उघडं दिसलं, आणि दिवा. तो विजेच्या बाबतीत कंजूष आहे म्हणून आला, दिवा बंद करायला. मग हॉस्पिटल, मग छातीत काहीतरी बसवलं, मग ते डोंगरातल्या सुधारगृहासारख्या ठिकाणी पाठवतात ना, जिथे सगळे म्हातारे काठ्या घेऊन रांगेने फिरतात, ते. घरी आलो तेव्हा मार्च लागायच्या बेतात होता. तुझं कार्ड एर्विनने तिथे आणून दिलं होतं, पाण्याच्या ग्लासाला टेकून ठेवलं होतं. नर्सने विचारलं, ही कोण? मी म्हणालो, मुलगी, नॉर्वेत असते, तिथे वृद्धाश्रमात काम करते. ती म्हणाली, मग तिला कळवूया ना. मी म्हणालो, नको.

एर्विनला मी शपथ घातली होती. त्याच्यावर रागावू नकोस. ती त्याने पाळली, त्याला फक्त हे माहीत नव्हतं की खोली गार राहिली की सापाच्या पोटातून सगळं बाहेर येतं. मलाही नव्हतं. तुला होतं.

तुझ्यापासून लपवायचं असं माझ्या मनात नव्हतं. निदान आधी नव्हतं. तिथे पडल्या पडल्या मी खूपदा पत्र लिहायला घेतलं. पण तू म्हणाली होतीस, लिहिण्यासारखं असेल तेव्हाच. आणि हाइके, मला ठरवता येईना, हे लिहिण्यासारखं आहे का. पूर्वी मला शिंक आली तरी मी तुला फोन करायचो. त्यामुळे शिंक कुठे संपते आणि दुसरं काय सुरू होतं, ते मला ओळखता येत नाही. ते तूच सांगत आलीस.

आता मी बरा आहे. गोळ्या घेतो, एर्विन मोजतो. ये असं मी म्हणत नाही. येऊ नकोस असंही म्हणत नाही. तिथल्या लोकांना तुझी गरज असेल.

पण अंड्यांचं तुला ठरवावं लागेल, साप तुझे आहेत. रेनाटेने ती जशी होती तशीच, एकही न फिरवता, वर पेन्सिलीने खूण करून, गरम पेटीत ठेवलीयत. ती म्हणते, जगात असे साप भरपूर झालेत, नऊ पिल्लांना घरं कोण देणार. नको असतील तर आताच फ्रीजरमध्ये ठेवावीत, अजून आत काही धरलेलं नाही, कुणाला काही कळणार नाही. उशीर झाला तर दिव्यापुढे धरल्यावर आत लाल रेषा दिसू लागतात, आणि रेषा दिसल्यावर ते माझ्याच्याने होणार नाही. एर्विनच्यानेही होणार नाही, त्याने मला आधीच सांगितलंय. ठेवली तर ऑगस्टच्या शेवटी फुटतील. तेव्हा कुणीतरी जाणतं माणूस हवं, नर कोणते आणि माद्या कोणत्या ते बघायला. पुन्हा क्लारा व्हायला नको.

तेव्हा हाइके, याचं लवकर कळव. ठेवू की नको, एक शब्द पुरे, त्या डोंगराच्या कार्डावर लिही. आणि जागा उरली तर तिकिटाच्या बाजूला तेही लिही, की दुसरं जे मी आज लिहिलं, ते लिहिण्यासारखं होतं का.

वाट बघतो.

बाबा